तळ्यात गेलं ते तळ्याचं

रोज लिहावं हे मला आत्याबाईंनी शिकवलं, आणि लिहिलेलं ठेवू नये हेही त्यांनीच. माझा मुलगा दर जानेवारीला ऑफिसातून मिळालेली एक जाडजूड डायरी मला आणून देतो. तिला रेशमी फीत असते, पानावर तारीख छापलेली असते आणि तळाशी एखादं सुवचन. मी तिच्यात लोणच्यांची प्रमाणं उतरवून ठेवते. शेजारच्या एक बाई मनःशांतीसाठी रोजनिशी लिहितात आणि ती कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावतात. कुलूप लावावं लागेल असं लिहून मन शांत कसं होतं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. आमची पद्धत वेगळी होती. आमच्या चिठ्ठ्या मासे खात.

औंढ्याला आमच्या घराकडे नागनाथाच्या बेलफुलाची सेवा होती. आबा, म्हणजे माझे वडील, फटफटायच्या आत टोपली घेऊन बाहेर पडत आणि बेल घेऊन येत. मग ओसरीवर बसून आम्ही तो निवडायचा. तिन्ही पानं शाबूत असतील तेवढीच देवाला, किडकी आणि फाटकी बाजूला. देवळातला नगारा सुरू होण्याआधी टोपली गेली पाहिजे, असा दंडक होता. एकदा का ती गेली की घरात भाकऱ्या थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. दुपारी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या. काडी टोचताना पानाचा जो बारीक कट्ट आवाज होतो तो मला आजही कुठेही ओळखू येईल. खाणं साधं होतं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. यात्रेकरूंमुळे गावात सदा वर्दळ असे, माळा-रुद्राक्षांच्या दुकानांसमोर घासाघीस चाले, पण आमचं घर आतल्या बोळात होतं आणि तिथे दिवसभर कामाखेरीज काही घडत नसे.

आत्याबाई आबांच्या थोरल्या बहीण. त्यांचे यजमान शिरड शहापूरला मुलांना शिकवायचे. त्यांनी बायकोला हौसेने अक्षरं शिकवली आणि लवकर वारले. आत्याबाई माहेरी परत आल्या त्या ती अक्षरं घेऊन, आणि पुढे त्यांनी ती धूळपाटीवर माझ्याकडून गिरवून घेतली. गावातल्या शाळेत उर्दू चाले आणि मुलगे जात. माझी शाळा म्हणजे चुलीमागची ती धुळीची फळी. आत्याबाईंचं एक व्रत होतं. आमच्याकडे पुष्कळ जण ते करत. कागदाच्या बारीक चिठ्ठीवर देवाचं नाव लिहायचं, चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालायची आणि गोळ्या तळ्यातल्या माशांना चारायच्या. जिवाच्या मुखात नाव गेलं म्हणजे लिहिणाऱ्याला पुण्य. कागद हिंगोलीच्या कचेरीतल्या रद्दीचा असे, एका बाजूला लफ्फेदार उर्दू आणि दुसरी बाजू कोरी. लढाईच्या दिवसांत तोही मिळेनासा झाला, तेव्हा आत्याबाई चिठ्ठ्या आणखी लहान कापू लागल्या.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आई तापाने गेली. तिच्याविषयी मी या आठवणींच्या दुसऱ्या एका प्रकरणात लिहिलं आहे, इथे फक्त तिचं नाव हवं आहे. तिचं नाव अन्नपूर्णा. घरातल्या घागरींवर, परातीवर, तांब्यांवर, अगदी पोळपाटाच्या पितळी कडीवरही हे नाव घातलेलं होतं, कारण शिवरात्रीच्या जत्रेत भांड्यांवर नावं घालणारा येई आणि आबांना त्याच्यापुढे बसून आपल्या भांड्यावर नाव उमटताना पाहायची आवड होती. आई गेल्यावर ही सगळी भांडी राहिली. पाणी पिताना ओठांखाली ते नाव यायचं.

पुढे आबांनी दुसरं लग्न केलं. मुलगी डोंगरकड्याची होती, शेतकऱ्याच्या बऱ्या घरातली, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. लग्न डोंगरकड्यालाच झालं. आत्याबाई विधवा म्हणून आल्या नाहीत, घरीच राहिल्या. मला नेलं, कारण मला ठेवून जाणं लोकांना दिसायला बरं दिसलं नसतं. आमच्याकडे लग्नानंतर नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मी ताटाजवळच उभी होते. सकाळपासून तिच्या माहेरच्या बायका तिला शेवंता, शेवंते म्हणून हाका मारत होत्या, तिच्या डोळ्यांना पदर लावत होत्या. आबांनी तांदूळ सारखे केले आणि अंगठीच्या टोकाने सावकाश लिहिलं. तिथल्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच. बाकीच्या साखर वाटायला उठल्यासुद्धा, तेव्हा ताटातली अक्षरं मला दिसली. अन्नपूर्णा. तिच्या भावाने नाव विचारलं आणि आबांनी ते मोठ्याने सांगितलं, तेव्हा पहिल्या बायकोचंच नाव कसं, असं एका म्हातारीने विचारलंच. आबा म्हणाले, भांड्यांवर तेच नाव आहे, एका घरात दोन नावं कशाला. ते कारण सगळ्यांना पटलं. पितळेवर नाव घालणं सोपं असतं, खोडणं सोपं नसतं.

म्हणजे ती घरात आली ती आईच्या नावाने, गळ्यात आईचा चांदीचा टाक घालून. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने सवतीची ती छोटी प्रतिमा गळ्यात घालायची रीतच होती. आत्याबाई तिला अन्नपूर्णे म्हणत, शेजारपाजार अन्नपूर्णाबाई म्हणे. मी काहीच म्हणत नसे. ते नाव माझ्या तोंडून तिच्यासाठी निघणं शक्य नव्हतं आणि माय म्हणणं त्याहून नाही. माणसाला हाक न मारता एका घरात वर्षानुवर्षं राहता येतं. फक्त प्रत्येक वेळी उठून त्याच्यासमोर जावं लागतं.

त्या दिवसांत माझा स्वभाव फार तिखट झाला. मी उलट बोले, बेलाच्या टोपल्या आपटे. आत्याबाईंनी रागावून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं. मग एके दिवशी त्यांनी आपल्या चिठ्ठ्यांतल्या थोड्या माझ्यापुढे टाकल्या.

"रोज संध्याकाळी एक. दिवसाचं जे घशात अडकलं ते लिही आन् माशाला घाल."

"देवाचं नाव न्हाई लिहायचं?"

"देवाचं नाव लिहायला पोट निवळ लागतं. तुझं अगुदर निवळू दे."

नियम त्यांनी जाताजाता सांगितले. एक म्हणजे कोणी कोणाची चिठ्ठी वाचायची नाही. दुसरा, तळ्यात गेलं ते तळ्याचं. ते पुन्हा जमिनीवर बोलायचं नाही, घरी नाही, दारी नाही. तिसरा नियम पहिल्याच संध्याकाळी कळला. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मी चिठ्ठी दाबून भरली, गोळी टाकली, मासे उसळले. वर चढताना आत्याबाईंनी विचारलं, कोणाविषयी लिहिलंस. मी म्हणाले, तिच्याविषयी.

"मग आज मासे उपाशीच राहिले," त्या म्हणाल्या. "तिनं काय केलं ते तिनं लिहावं. तुझ्या पोटात काय झालं ते तू लिहायचं."

ऐकायला सोपं वाटतं. करून पाहावं. मी कितीतरी दिवस फक्त तिची गाऱ्हाणी लिहीत राहिले, आणि प्रत्येक वेळी शेवटी जागा संपायची. एवढ्याशा कागदावर मोठी गाऱ्हाणी मावत नाहीत हा त्या पद्धतीतला खरा गुण होता. हळूहळू मी शब्द छाटू लागले. "तिने आईची परात घेतली" याऐवजी "परात पाहून पोटात कळ आली" एवढंच लिहिलं, तर कागदावर जागा उरली आणि त्या उरलेल्या जागेत काय लिहावं याचा विचार करावा लागला. पुढे आयुष्यात मी बरीच प्रवचनं ऐकली. त्यांतल्या एकाही प्रवचनाने मला त्या रिकाम्या जागेएवढं शिकवलं नाही.

कणकेवरून भांडण होईल हे मात्र आमच्या लक्षात आलं नव्हतं. गहू सणावाराला दिसत, आणि ज्वारीच्या पिठाची गोळी पाण्यात पडताच विरून चिठ्ठी वर तरंगते, म्हणून गव्हाचीच कणीक लागे. आत्याबाईंनी माशांसाठी एक गाडगं वेगळं राखलं होतं. नवीन बाईने स्वयंपाकघर हातात घेतल्यावर ते गाडगं तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. हाताने ती सुगरण होती, तिची धपाटी खाऊन आबा मुकाट्याने आणखी एक मागत, आणि एकेका मुठीचा हिशोब तिच्या डोक्यात असे. एक दिवस तिने गाडग्यावर हात ठेवला.

"रोज माशाईला काय चारून राहिली तू? घरच्याईला सणाला पोळी न्हाई."

मी जमेल तेवढं सांगितलं. ती बराच वेळ पीठ चाळत राहिली. मग म्हणाली, कणीक माझ्या हातची, तर रोजची एक चिठ्ठी माझी. मला लिहिता येत न्हाई, मी सांगीन ते तू लिहायचं.

मी आत्याबाईंकडे तक्रार नेली की कोणी कोणाची चिठ्ठी वाचायची नाही असा नियम आहे. आत्याबाईंनी थोडा विचार केला आणि निवाडा दिला, की लिहिणं म्हणजे वाचणं नव्हे, लिहिणाऱ्याचा हात फक्त भाड्याने घेतलेला असतो. मग तिघी जणी संध्याकाळी तळ्यावर जाऊ लागलो. आत्याबाई वरच्या पायरीवर देवाचं नाव लिहीत बसायच्या, आम्ही दोघी खाली पाण्याजवळ. ती सांगायची, मी लिहायची, आणि लिहून झालं की ती म्हणायची, वाच. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता आणि तो नसणं बरोबर होतं.

सुरुवातीला ती काहीबाही सांगे. लिही, आमटी खारट झाली. लिही, पाठ दुखते. लिही, आज डोंगरकड्याची बांगड्यावाली भेटली पण भावानं निरोप धाडला न्हाई. कधी लिही म्हणायची आणि नुसतीच पाण्याकडे पाहत बसायची, मग म्हणायची, जाऊ दे, तशीच घाल, त्याईला काय वाचता येतं. मी कोरी चिठ्ठी कणकेत घालायची. असे दिवस गेले. आमच्यात मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. मी तिला अजूनही हाक मारत नव्हते. पण एखादा माणूस रोज तुमच्या हाताने लिहितो तेव्हा त्याची पाठ कुठे दुखते हे तुम्हाला आपोआप माहीत होतं.

तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून शिवरात्रीची जत्रा झाली की भाऊ गाडी घेऊन येणार असं ठरलं. त्या जत्रेत आबा नेहमीप्रमाणे नावं घालणाऱ्यापुढे जाऊन बसले, या वेळी एक नवा तांब्या घेऊन. तो तांब्या तिला लग्नात तिच्या वडिलांनी दिला होता. तिने माहेरून आणलेल्या वस्तूंत नाव नसलेली तेवढी एकच वस्तू उरली होती. दुपारी आबांनी तो घासून, चकचकीत करून तिच्यापुढे ठेवला. त्यांना वाटलं, आपण कौतुकाचं काम केलं. तिने तो उजेडाकडे फिरवून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण इतकी वर्षं रोज घासलेल्या अक्षरांचा आकार तिला चांगला ठाऊक होता.

त्या संध्याकाळी तळ्यावर यात्रेकरूंची गर्दी होती. आम्ही अगदी कडेच्या पायरीवर बसलो. ती न थांबता, दळणाचा निरोप सांगावा तशा आवाजात सांगत गेली आणि मी लिहीत गेले. तिने वाच म्हटलं. मी वाचलं.

"ह्या घरात मला सगळे मेलेल्या बाईच्या नावानं हाका मारतात. पोरगी मारतच न्हाई. तिचं बराबर हाय, तिची माय होती ती. आता माझ्या बापाच्या तांब्यावर बी तीच हाय. मी बाळंतपणाला जाते ती परत येणार न्हाई."

दुसऱ्याचं वाक्य असलं तरी आवाज माझा होता. मी परत येणार नाही, असं मीच म्हटल्यासारखं वाटलं. तिने हात पुढे केला, चिठ्ठी स्वतः गोळीत भरली आणि पाण्यात टाकली. एका मोठ्या माशाने ती वरच्या वर घेतली.

"तळ्यात गेलं ते तळ्याचं," ती म्हणाली. "व्हय ना?"

"व्हय."

त्यानंतरचे दिवस मला चांगले आठवतात. घरात तिच्यासाठी डिंक निवडणं चाललं होतं, आत्याबाई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत होत्या, आबा पाळण्याची दोरी पाहत होते. ती परत येणार आहे असं धरून सगळी तयारी चाललेली, आणि तसं नाही हे माहीत असलेले आम्ही दोघी आणि मासे. मला बोलता येत नव्हतं. नियम मोडला असता तर आबांनी तिला जाऊच दिलं नसतं, किंवा तिच्या भावाला बोल लावला असता, आणि काहीही झालं तरी माझ्या हाताला पुन्हा कोणी काही सांगितलं नसतं. आत्याबाई माझ्याकडे पाहून एकदाच म्हणाल्या, चिठ्ठी लहान पडून राहिली का तुला? मी मान डोलावली. त्यांनी नेहमीपेक्षा थोडा मोठा कागद कापून दिला. विचारलं काही नाही.

भाऊ गाडी घेऊन आला. बोचकी चढली, शेजारच्या बायका जमल्या, ती गाडीत बसली. आबा बैलांपाशी उभे होते. मला ओसरीवर तो नवा तांब्या दिसला. तिने तो मुद्दामच ठेवला होता. मी तो पाण्याने भरला आणि दारातूनच म्हणाले,

"शेवंतामाय, तांब्या राहिला."

सगळे थांबले. आबांनी वळून विचारलं, कोण शेवंता?

"जी गाडीत बसली ती," आत्याबाई म्हणाल्या, आणि पुन्हा आपल्या गोधडीची घडी करू लागल्या.

तिने तांब्या घेतला. पाणी प्यायली, उरलेलं बाहेर ओतलं, तांब्या मांडीवर ठेवला. गाडी निघाली.

तो उन्हाळा आणि पुढचा पावसाळा फार वाईट गेला, हे त्या काळात आमच्या भागात राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. रझाकारांची धास्ती होती, रस्ते बंद पडले, कितीतरी घरं कुलूप लावून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली. आबा म्हणाले, देवाला बेल कोण वाहील, आणि आम्ही राहिलो. बांगड्यावालीने निरोप आणला की मुलगी झाली आहे, दोघी बऱ्या आहेत, आणि बाप आल्याशिवाय बारसं करायचं नाही असं बाळंतीण म्हणते. आबांना जाता येत नव्हतं. तिला यायचं आहे की नाही हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. मी रोज चिठ्ठी लिहीत होते. भाकऱ्या आता मला थापाव्या लागत होत्या, म्हणून ती यायला हवी, असं मी एकदा लिहून पाहिलं. अर्धाच कागद भरला. उरलेल्या अर्ध्यावर बराच वेळ काही सुचेना. मग मी लिहिलं, "घरात कोणी वाच म्हणत नाही." ती चिठ्ठी टाकून आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला भूक लागली.

पोलीस ॲक्शन झाली, रझाकारांचा जोर संपला, रस्ते मोकळे झाले, आणि दिवाळीच्या सुमारास आबा, आत्याबाई आणि मी गाडीने डोंगरकड्याला निघालो. वाटेत एक मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई गाडीत डुलक्या घेत होत्या आणि आबा बैल हाकत होते, तेव्हा मी पुढे जाऊन त्यांच्याशेजारी बसले. मी एवढंच म्हणाले, की तिथल्या बायका दार अडवतील आणि नाव घ्यायला लावतील.

"घेईन की. येतं मला."

"तिथं तिला अन्नपूर्णा कोणी म्हणत न्हाई, आबा. त्याईची पोरगी शेवंता हाय."

आबांनी बैलांना उगाच चुचकारलं. मग म्हणाले, नाव एकदा ठेवलं ते ठेवलं, भांड्यांवर आहे.

"भांडी कुठं सोबत आणली आपण?"

त्यांनी गाडी ओढ्यातून पार नेली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घरात ते नाव ऐकू येत होतं, यमे. बरं वाटत होतं." तेव्हा मला कळलं की भांडी हे निमित्त होतं. आबांच्या घशातही काहीतरी अडकलेलं होतं आणि त्यांना कोणी चिठ्ठी दिली नव्हती. पुढच्या चढावर ते पुटपुटू लागले. जुन्या उखाण्यात नुसतं नाव बदलून चालत नव्हतं, ते यमकात बसत नव्हतं. नवीन जुळवावा लागत होता.

डोंगरकड्याला दार अडवलं गेलंच. पुढे होती तिची भावजय, हातात ताट, तोंडाने फटकळ.

"कोणाला न्यायला आले जावईबापू?"

"तुमच्या नणंदेला."

"नाव सांगा. अन्नपूर्णा म्हणाल तर आमच्या घरात तसली कोणी न्हाई. मारुतीच्या मागं एक म्हातारी हाय त्या नावाची. दात न्हाईत, पर चालते-फिरते. नेता का तिला?"

बायका हसल्या. आतल्या खोलीच्या दाराशी मला लुगड्याचा काठ दिसत होता; तो हलत नव्हता. आबांनी पागोटं सारखं केलं. देवळात मंत्र म्हणतात त्या आवाजात, जरा चाचरत, ते म्हणाले,

"नागनाथाच्या पिंडीवर बेल वाहतो ताजा, शेवंतेला न्यायला आलो, गुन्हा काय माझा?"

भावजयीने ताट खाली घेतलं. गुन्हा काय ते जेवल्यावर सांगू, म्हणाली, आणि बाजूला झाली. दाराशी पुन्हा पाहिलं तेव्हा लुगड्याचा काठ तिथे नव्हता. आत ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

दुपारी बारसं झालं. मूल एव्हाना चांगलं बाळसं धरलेलं, पाळण्यात मावेना. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण आत्याबाई विधवा, त्या आपण होऊन भिंतीकडे सरकल्या आणि म्हणाल्या, यमीला सांगू द्या, थोरली बहीण हाय. मी पाळण्याशी गेले. नाव काय, ते आईला विचारायचं असतं. मी शेवंतामायजवळ वाकले. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"अन्नपूर्णा," ती म्हणाली. "भांडी वाया काहून घालायची? तिच्या लग्नात देऊ."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर गाडग्यावर हात ठेवला होता तेव्हाचाच भाव होता. आई गेल्यापासून ते नाव मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. पाळण्यात वाकून, त्या तेल लावलेल्या इवल्याशा कानात मी ते म्हटलं, रीतीप्रमाणे कुर्र केलं, आणि बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के मारले. तेही रीतीचाच भाग, पण मला त्या दिवशी बरे लागले. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं याचा कोणाला खुलासा द्यावा लागला नाही.

पुढे त्या नावाने मी कितीदा ओरडले असेन. अन्नपूर्णे, चुलीपासून लांब हो. अन्नपूर्णे, बेल तोंडात घालू नकोस. आबा ओसरीवर बसून ते ऐकत. तिच्या लग्नात घागरी, परात, तांबे सगळं गेलं. एक डोंगरकड्याचा तांब्या मात्र शेवंतामायने दिला नाही. जत्रेत तिने स्वतः जाऊन त्याच्यावर, जुन्या नावाच्या खाली, आपलं घालून घेतलं. दोन्ही नावं राहू दे म्हणाली, तांब्या मोठा आहे.

हे सगळं नंतरचं. औंढ्याला परत आलो त्या संध्याकाळी तिने पोर कडेवर घेतलं, कणीक मळली आणि आम्ही तिघी नेहमीसारख्या तळ्यावर गेलो. आत्याबाई वरच्या पायरीवर बसल्या. पावसाने पाणी चढलं होतं, आमची खालची पायरी बुडाली होती, म्हणून आम्ही एक पायरी वर बसलो. मी कागद मांडीवर घेतला आणि ती सांगेल म्हणून थांबले.

"त्या दिवशी लिहिलं होतं ते," ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "परत येणार न्हाई म्हणून. आता ते खोटं झालं. त्याचं काय?"

"मासे खाऊन गेले ते."

"बरं झालं," ती म्हणाली. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्यापुढे हात केला. "आण इकडं तो कागद. श कसा काढतात ते दाखव."